साडूची बिनटपाची गाडी

पहिले एक गोष्ट सांगून ठेवतो, म्हणजे मंग कोणी मधात तोंड घालणार नाही. आमच्या सासऱ्याच्या, म्हणजे शालीकराम मामाजीच्या घरी तीन पोरी. थोरली शांता, ती माझी बायको. मधली धर्मेंद्रले दिली. लहानी पुष्पांजली. पोरगा नाही. म्हणून त्या घरात मोठा जवाई म्हणजे मोठा पोरगाच, आणि मोठा जवाई मी आहे, दुधराम. त्या खानदानात गाडीचं कोणाले काही कळत असेल तर ते मले. बाकीचे सायकलची चैन उतरली तरी शेजाऱ्याले हाक मारणारे.

१९९९ साली माझं लग्न झालं तवा मी आमगावच्या एका लाकूड ठेकेदाराची पांढरी मोटार चालवत होतो. ठेकेदारानं लग्नासाठी तीच दिली. नवरदेव मीच आणि ड्रायव्हरही मीच! बिदाईच्या वेळी मामाजीच्या गावच्या तलावाच्या पाळीवर गाडी बंद पडली, तर अंगात सफारी, खांद्यावर दुपट्टा, तसाच खाली उतरलो आणि चालू केली. शांता मागं पदरात तोंड घालून रडून राहिली होती, तिले काही दिसलं नाही. समोर माझ्या बाजूले करवली म्हणून अकरा वर्षांची पुष्पा हातात पाण्याचा तांब्या धरून बसली होती. वऱ्हाड्यांनी मागून टाळ्या वाजवल्या होत्या. मामाजीनं सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "जवाई असावा तर असा."

त्या दिवसापासून घरचा रिवाजच झाला. पोरगी सासरी जाईल तर दुधरामच्या गाडीत, आणि स्टेअरिंगवर दुधराम. पुढं मी स्वतःची जीप घेतली. मधलीची बिदाई माझ्या जीपनं केली. धर्मेंद्र तवा नवरदेव होऊन मागच्या सीटवर उलटी दाबत बसला होता, हे मी विसरलो नाही आणि त्यालेही विसरू देत नाही. चुलत साळ्या, मामेसाळ्या, साऱ्या मीच पोचवल्या. आता राहिली होती फक्त पुष्पा. सगळ्यात लाडकी आणि शेवटची. तिची बिदाई झाली की त्या घरचं काम संपलं.

आणि तिथंच हा शिंपी आडवा आला.

धर्मेंद्र शिंपी आहे जी. आमगावात बाजार ओळीत त्याचं दुकान. गळ्यात टेप, कानावर खडू, हाताले सफाई मात्र गजब. त्याच्या हातचा ब्लाउज घालायले बाया गोंदियाहून येतात, ते मी नाकारत नाही. पण गाडी? गाडीत अन् ब्लाउजात काही फरक आहे की नाही?

झालं असं, की मी धान घेऊन गोंदियाले चुन्नीलाल शेठच्या राइस मिलवर जात होतो. शेठले जुनं गोदाम पाडायचं होतं. कोंड्याच्या ढिगाखालून एक गाडी निघाली. विलायती. शेठच्या बापानं कधीकाळी खाणीवरच्या कोण्या गोऱ्या साहेबाकडून घेतलेली. लांब नाक, बुटकी, दोनच दारं, वर टप नाही. बूड इतकं खाली की बांधावरून जाईल तर पोट घासेल. शेठ मले म्हणतो, "दुधराम, तू ले जा भाई. जगह खाली करनी है." मले पहिले म्हटलं, बरं का, मले! मी आत वाकून पाहिलं, उंदरांनी सीटा खाल्लेल्या. मी हसलो. म्हटलं, "शेठजी, इसमें तो धान का एक बोरा नहीं बैठेगा. कबाडीवाले को दे दो."

दिवाळीनंतर मामाजीच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, असते. सारे पाहुणे जमतात. तिथं जेवताना मीच ही गोष्ट रंगवून सांगितली. सारे पोट धरून हसले. धर्मेंद्र हसला नाही. त्यानं फक्त विचारलं, "भाऊ, तिचे दरवाजे शाबूत आहेत का?" मले वाटलं, थट्टा करून राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ती गाडी घेऊन माझ्याच घरासमोरून गेला, अन् वरून हात हलवला.

तवा मले काही वाटलं नाही. खरं सांगतो. म्हटलं, भैताड आहे, महिनाभर पुसेल अन् अंगणात कोंबड्या बसवेल.

पण त्यानं जे सुरू केलं ना, बाप्पा! त्यानं गाडीचं माप घेतलं. टेपनं. छाती-कंबर घेतात तसं. बूड सडलं होतं, तर खाकी कागद पसरून त्याचा कट काढला, खडूनं खुणा केल्या, तो कागद तेलाच्या ड्रमच्या पत्र्यावर ठेवून पत्रा कापला. पहिले चार रिबिटा ढिल्या मारल्या. "हा कच्चा टाका," म्हणतो मले! "बसला तर मंग पक्का करू." आणि बसला जी तो पत्रा. असा बसला की बोटानं चाचपलं तरी जोड लागत नव्हता. मी चाचपून पाहिलं. त्याचं लक्ष नसताना.

सीटा त्यानं लाल रेक्झिनच्या केल्या, कडेनं पांढरी पायपिंग. वरचा टप ताडपत्रीचा शिवला, बटणांचा, पाहिजे तवा लावा, पाहिजे तवा गुंडाळून मागं ठेवा. इंजन उघडलं तवा एकेक नट धुतलेल्या चादरीवर मांडला, खाली खडूनं नंबर. तरी जोडल्यावर एक स्प्रिंग उरलीच. ती त्याच्या बटणांच्या डब्यात सापडली तवा मी पोटभर हसून घेतलं. गास्केट तो कैचीनं कापायचा, आणि ते फाटलं की पुन्हा कापायचा. ब्रेक लावला की हॉर्न वाजायचा. एकदा चालू झाली तर बंद होईना, त्याची बायको किंचाळत बाहेर आली. मी रोज संध्याकाळी जायचो. शांता म्हणायची, "रोज रोज कायले जाता जी तिकडं? पोटात दुखून राहिलं ना?"

"ॲसिडिटी आहे," मी म्हणायचो.

होतं, पोटात दुखत होतं. कोणाची चोरी आहे? ज्या गाडीले मी लाथ मारली ती शिंप्याच्या अंगणात नवरीसारखी नटून राहिली होती. गावातले पोट्टे माझ्या जीपच्या बोनेटवर बसून त्याची गाडी पाहायचे. माझ्या जीपवर बसून!

वर्ष लागलं त्याले. जानेवारीच्या थंडीत एका सकाळी ती गाडी चालू झाली आणि चालूच राहिली. हिरवी, आत लाल, आवाज असा की पोटात गुदगुल्या व्हाव्या. धर्मेंद्रनं मामाजीले बाजूले बसवलं आणि गावभर फिरवून आणलं. मामाजीनं फेटा हातात धरला होता आणि म्हाताऱ्याचे केस उडून राहिले होते. दुसऱ्या चक्कराले सासू. तिसऱ्या चक्कराले मधली. एकेक करून साऱ्यांनी चक्कर मारली. मी नाही मारली. मले कोणी म्हटलंही नाही, आणि म्हटलं असतं तरी मी बसलो नसतो.

गाडीतून उतरता उतरता मामाजी म्हणाले, "पुष्पाची बिदाई याच गाडीत करू. सगळ्या तालुक्यानं पाहिलं पाहिजे."

मी तिथंच उभा होतो. दहा वर्षं पोरी पोचवून राहिलो, आणि म्हाताऱ्यानं माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही. मी म्हटलं, "मामाजी, अन् माझी जीप?"

"तिच्यात आंदण टाकू ना," मामाजी म्हणाले. "आलमारी, पलंग. जागा भरपूर आहे तिच्यात."

आलमारी! मोठ्या जवायानं आलमारी न्यायची. त्या रात्री मले भाकर गोड लागली नाही.

पण देव आहे जी वर. मार्च लागला, उन्ह तापलं, आणि गाडीनं रंग दाखवला. सकाळी चालू व्हायची. अर्धा कोस जायची, आणि खोकून खोकून बंद. मंग सेल्फ मारा, धक्का मारा, हात जोडा, काही नाही. संध्याकाळी थंड झाली की आपोआप चालू. धर्मेंद्रनं प्लग बदलले, वायरी बदलल्या, कार्बोरेटर इतक्या वेळा धुतला की त्याचा पितळी रंग निघून आला. गोंदियाचा एक मिस्त्री आणला, तो बिचारा दिवसभर घामाघूम होऊन बसला, आणि संध्याकाळी गाडी थंड झाली तवा चालू झाली, तर आपणच दुरुस्त केली म्हणून खुशीनं निघून गेला.

मले पहिल्याच दिवशी कळलं होतं. अहो, पेट्रोलच्या गाडीचा उन्हाळ्यातला हा जुना रोग. इंजनच्या बाजूले पेट्रोलचा एक लहान पंप असते. तो तापला की आतलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते, आणि वाफेवर काही गाडी चालत नाही. त्याले औषध एकच. त्या पंपावर ओलं फडकं टाकायचं. बस्स! थंड झाला की गाडी चालू. ठेकेदाराच्या मोटारीवर मी सारे उन्हाळे असेच काढले होते, आणि माझ्या लग्नातही मी हेच केलं होतं.

आणि हा शिंपी! ज्याच्या दुकानात चिंध्यांचा गुडघाभर ढीग, तो एका ओल्या चिंधीपायी रडकुंडीले आला होता.

मी लपवाछपवी केली नाही. मी त्याच्या अंगणात खुर्ची टाकून बसलो आणि तोंडावर सांगितलं, "मले माहीत आहे काय झालं ते."

धर्मेंद्र बोनेटखालून वर आला. नाकाले काजळी. "माहीत आहे तर बसा गप्प."

"विचार ना. 'दुधराम भाऊ, मले येत नाही, सांगा,' एवढं म्हण. दोन मिनिटात सांगतो."

"गाडी माझी आहे भाऊ. मी पाहीन."

"पाय मंग."

असं रोज चाललं. तो विचारत नव्हता, मी सांगत नव्हतो. शांतानं मले घरी फैलावर घेतलं. "लहान लेकरं आहा का तुम्ही? पोरीचं लग्न तोंडावर आलं! सांगून टाका ना." मी म्हटलं, "त्यानं एकदा तोंड उघडावं. मी गाडी मागून राहिलो का त्याची? एक शब्द मागून राहिलो." आणि मनात म्हटलं, नाही उघडलं तर लयच बरं. मे महिन्यात दुपारी बिदाई आहे. गाडी बंद पडेल, आणि सारे माझ्या जीपकडं धावत येतील. मी आलमारी खाली उतरवून ठेवीन.

लग्न लागलं. नवरदेव केवळराम, नागऱ्याकडचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, सज्जन माणूस, सायकलशिवाय काही येत नाही. उन्ह असं की मांडवाच्या बांबूले हात लावला तर भाजावा. बिदाईची वेळ झाली. धर्मेंद्रनं सकाळपासून सावलीत थंड ठेवलेली गाडी मांडवासमोर आणली. झेंडूच्या माळा, टप काढलेला, लाल सीटा चमकून राहिल्या. त्यानं स्वतः शिवलेला पांढरा शर्ट घातला होता, इस्त्रीची धार असलेला. स्टेअरिंग धरून असा बसला होता जसं विमान चालवते. लोक माना उंच करकरून पाहात होते. माझ्या जीपमध्ये आलमारी आडवी, तिच्यावर पलंग, वर गाद्या. मले तिथंच धरणी फाटून आत जावं वाटलं.

पुष्पा रडत रडत आली आणि धर्मेंद्रच्या बाजूले बसली. तिच्या मागून केवळराम आला. दरवाजाजवळ येऊन थांबला. आत पाहिलं. मागं पाहिलं. मागं काही नव्हतंच, गुंडाळलेला टप होता.

लोक बोटानं सीटा मोजायले लागले.

वर्षभर त्या गाडीचं माप घेतलं जी या माणसानं! सीटांची लांबी, रुंदी, जाडी, पायपिंगचे दोन दोर. मामाजीपासून सासूपर्यंत साऱ्यांनी एकेक करून चक्कर मारली. पण ड्रायव्हर बसल्यावर नवरा-नवरीतलं एकच जण मावते, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. आणि खोटं कायले बोलू, माझ्याही नाही. माझं सारं ध्यान त्या पंपावर होतं.

एका म्हातारीनं म्हटलं, नवरदेवाले मागं टपावर बसवा. दुसरी म्हणाली, पडला तर? मामाजी धर्मेंद्रवर ओरडले, "अरे, दोनच सीटा काऊन केल्या तू?" धर्मेंद्रचा चेहरा असा झाला होता की दुसरं कोणी असतं तर दया आली असती. मी कशाची दया करतो! मी जीपचा दरवाजा उघडला आणि मांडवभर ऐकू जाईल असं म्हटलं, "पुष्पा, केवळराम, या. इकडे या. आलमारी उतरवा रे पोट्टेहो."

मनातल्या मनात मी तवा नाचून राहिलो होतो.

पुष्पा उठली. डोळे पुसले. गाडीले पुढून वळसा घालून धर्मेंद्रच्या बाजूले गेली आणि म्हणाली, "भाऊजी, उतरा."

"आँ?"

"उतरा म्हटलं ना. मी चालवते."

मांडवात एकच गलका. नवरी स्वतः गाडी चालवत सासरी जाणार? मामाजी म्हणाले, "तुले कुठं येते?"

"दुधराम भाऊजीनं शिकवली ना. जीप. शेतात, धान कापल्यावर." आणि माझ्याकडं पाहून हसली, डोळ्यांत पाणी तसंच.

मी शिकवली होती. मागं लागली होती म्हणून दोन हंगाम शिकवली. क्लच हळू सोड, हळू सोड, म्हणून घसा कोरडा केला होता.  केवळराम खुशीनं बाजूले बसला, तेवढा माणूस चांगला आहे. पुष्पानं शालू सावरला, क्लच हळूच सोडला, एक झटकाही न देता, आणि गाडी निघाली. बाया रडायचं विसरून टाळ्या वाजवायले लागल्या. आलमारी माझ्या जीपमध्येच राहिली. आणि धर्मेंद्र, त्याले बसायले जागाच नव्हती, तो येऊन माझ्या बाजूले बसला.

आम्ही दोघं साडू, मागं आलमारी, समोर हिरवी गाडी. 

गावाबाहेर तलाव आहे, मामाजीच्या आजानं बांधलेला. त्याच्या पाळीवरूनच रस्ता जाते, एका गाडीपुरता. त्या पाळीच्या मधोमध हिरवी गाडी खोकली. एकदा. दोनदा. आणि बंद.

मी जीप थांबवली. बाजूनं जायले जागा नाही. मागं वऱ्हाडाच्या गाड्या, हॉर्नवर हॉर्न. पुष्पानं सेल्फ मारला, घरघर झाली, काही नाही. मी हाताची घडी घालून बसलो. आता पाय, म्हटलं.

 धर्मेंद्रनं माझ्याकडं तोंड केलं. त्याच्या त्या पांढऱ्या शर्टवर घामाचे डाग पडले होते. दोन्ही हात जोडले त्यानं. "भाऊ," म्हणाला, "मले येत नाही. तुम्ही सांगा. विचारून राहिलो."

आहाहा! महिन्यांमागून महिने मी ज्या शब्दाची वाट पाहिली तो शब्द. मले घाई नव्हती. मी पहिले मिशीवरून हात फिरवला. घसा साफ केला. म्हटलं, "हे पाय धर्मेंद्र, पेट्रोलची गाडी म्हणजे..."

"ती काय करून राहिली?" धर्मेंद्र म्हणाला.

मी समोर पाहिलं. पुष्पा खाली उतरली होती. तिनं केवळरामच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढून घेतला, शालूचा काठ एका हातात धरून पाळीवरून खाली पाण्यापर्यंत गेली, दुपट्टा बुडवला आणि निथळत वर आणला. बोनेट उघडलं. कुठं ठेवायचा ते तिले पाहावंही लागलं नाही. ठेवला, थोडं थांबली, स्टेअरिंगवर जाऊन बसली. सेल्फ मारला. गाडी चालू.

जाण्याआधी तिनं मागं वळून जोरात हाक मारली. "भाऊजी! तुमच्याच लग्नात पाहिलं होतं! माझ्या तांब्यातलं पाणी घेतलं होतं ना तुम्ही!"

आणि गेली. साऱ्या पाळीवर तो आवाज घुमून राहिला.

धर्मेंद्र माझ्याकडं पाहात होता. शिवी देईल असं वाटलं. त्यानं दिली असती तर बरं झालं असतं.

"ओलं फडकं?" तो म्हणाला.

"हो."

"एवढंच होतं?"

"एवढंच."

 तो जीपमधून उतरला, पाळीखाली गेला, गळ्यातला गमछा पाण्यात बुडवून आणला आणि माझ्या बाजूले येऊन बसला. "चला भाऊ," म्हणाला, "पुढं पुन्हा गरम होईल तिची. तवा कामी येईल."

नागऱ्यापर्यंत तो गमछा मांडीवर घेऊन बसला होता, माझ्याच सीटवर पाणी गाळत. गाडी पुन्हा दोनदा बंद पडली, आणि दोन्ही वेळा तो धावत गेला, मी बसून राहिलो. परतताना आमगावच्या चहाच्या टपरीवर कोणीतरी त्याले विचारलं की उन्हात गाडी कशी काय चालवली, तर म्हणाला, "सोपं आहे जी. पंपावर ओलं फडकं टाकायचं."

दहा वर्षं ते माझं होतं.